'चेक'चा अर्थ लावताना होणाऱ्या चुका : या टाळा

वीसेक वर्षांपूर्वी मी तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेत कारकुनी करत होते. मार्चअखेर, हिशेब बंद करायची घाई. आमच्या मॅनेजरसाहेबांनी एक चेक नव्याने लागलेल्या पोराच्या हातात दिला आणि मान वर न करता म्हणाले, "हा क्रॉस चेक करून काकांना देऊन टाक." पोरगं गुणी. त्याने फूटपट्टी घेतली, चेकच्या डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या समांतर रेघा ओढल्या आणि चेक काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या विहीर खोदणाऱ्या काकांच्या हातात ठेवला. काका समोरच्या बँकेत गेले आणि दहा मिनिटांत परत आले. "रोख देत न्हाईत. खात्यात भरा म्हणत्यात. माजं खातंच न्हाई."

साहेबांना म्हणायचं होतं की रक्कम रजिस्टरशी ताडून बघ. पोराने ऐकलं की चेक क्रॉस कर. दोघांपैकी कोणाला रागवायचं? चेक रद्द केला, दुसरा फाडला, तोवर काकांची दुपारची एसटी निघून गेली होती.

पुढे मी कारकुनी सोडून भाषांतरं तपासायच्या कामाला लागले, पण या शब्दाने पाठ सोडली नाही. इंग्रजीत निदान काहींचं स्पेलिंग वेगळं असतं, डोळ्याला फरक कळतो. आपण देवनागरीत बँकेचा, शर्टाचा, गाडीच्या नटाचा आणि प्रागच्या लोकांचा, सगळ्यांचा 'चेक' एकच लिहितो. मग घोळ होणारच. वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा दुरुस्त कराव्या लागलेल्या चुका खाली दिल्या आहेत.

'चेक' म्हणजे मुळात 'तपासणे' असं धरून चालणं

ही सगळ्या चुकांची आई. हिला नीट समजून घेतलं की बाकीच्या निम्म्या आपोआप जातात, म्हणून इथे जरा बसू.

बुद्धिबळात राजा माऱ्यात आला की समोरचा म्हणतो, 'शह!' हा मूळ फारसी 'शाह', म्हणजे राजा. थोडक्यात तो ओरडतो, 'अरे, राजा बघ तुझा!' खेळ मूळचा आपल्याकडचा, चतुरंग. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी सैन्याची चार अंगं. इराणात गेल्यावर त्याचा चतरंग झाला, अरबांनी शतरंज केला आणि त्यांच्याकडून तो युरोपात पोचला. 'शाह'चं मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'स्काकुस' झालं, जुन्या फ्रेंचमध्ये 'एशेक' झालं आणि इसवी सन १३०० च्या सुमारास इंग्रजीत 'चेक' उगवला. त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून 'चेस' आला. म्हणजे इंग्रज ज्याला 'चेस' म्हणतो ते शब्दशः 'बरेच शह' आहेत.

आता पटावर काय होतं ते आठवा. शह बसला की हातातला सगळा बेत बाजूला. वजीर कुठे न्यायचा होता, उंट कुठे बसवायचा होता, काही चालत नाही. आधी राजाचं बघा. घोडदौड जागच्या जागी थांबते. त्यामुळे इंग्रजीत 'चेक'ला पटाबाहेर पहिला अर्थ चिकटला तो एकदम अडणं, अडवणं हा. त्यातून आवर घालणं, लगाम लावणं. मग लबाडीला किंवा चुकीला आवर घालणारी सोय, पडताळ्याची खूण. आणि त्यानंतर कुठे तपासणं. आपण जो अर्थ पहिला समजतो तो घरातलं शेंडेफळ आहे.

गंमत अशी की मराठीत हा प्रवास आपण आपल्या शब्दानेही केलेला आहे. जंजिऱ्याच्या सिद्दीला शह देण्यासाठी शिवाजी महाराजांनी मुरूडच्या समुद्रात पद्मदुर्ग उभारला, हे वाक्य शाळेतल्या पोरालाही कळतं. महाराज सिद्दीला 'तपासायला' गेले होते असं कोणी म्हणणार नाही. हेच वाक्य इंग्रजीत लिहिताना इतिहासकार सहज 'चेक' हे क्रियापद वापरतो. 'शह' आणि 'चेक' ही जत्रेत हरवलेली सख्खी भावंडं आहेत. एक फारसीतून थेट दख्खनच्या दरबारांत आलं आणि मराठी झालं. दुसरं अरबस्तान, फ्रान्स, लंडन असा फेरा मारून साहेबाबरोबर आलं. आपण मात्र दोघांना ओळखपाळख नसल्यासारखं वागवतो.

जाता जाता 'चेकमेट'. हा 'शाह मात'. 'राजा मेला' असा त्याचा अर्थ सर्रास सांगितला जातो, कारण अरबीत 'माता' म्हणजे मेला. पण फारसीत 'मात' म्हणजे हतबल झालेला, निरुपाय झालेला, आणि पटावर राजा कधी मारला जात नाही, तो फक्त कोंडला जातो. मराठीत 'संकटावर मात केली' म्हणतो तेव्हा आपण संकटाला मारत नाही, त्याचा इलाज चालेनासा करतो.

तेव्हा कुठलंही इंग्रजी वाक्य समोर आलं की 'चेक'च्या जागी आधी 'शह' ठेवून बघा. बसला तर बसला. नाही बसला तर मग 'तपास'.

आळा घालायचा तिथे तपासत बसणं

मथळा होता की सरकार महागाई 'चेक' करण्यासाठी पावलं उचलणार. मराठी मसुदा आला, 'सरकार महागाई तपासणार'. तपासून काय करणार? महागाई आहे हे भाजी आणायला गेलेल्या कोणालाही विचारा. तिथे हवं होतं 'महागाईला आळा घालणार'.

हा नमुना निदान विनोदी आहे. एका प्रथमोपचाराच्या पत्रकात मात्र मी 'सर्वप्रथम रक्तस्राव तपासा' असं वाचलं आणि माझ्या पोटात गोळा आला. मूळ इंग्रजीत रक्तस्राव 'चेक' करायला सांगितलं होतं, म्हणजे थांबवायला. जखमेवर स्वच्छ फडकं दाबून धरायचं की वाकून बघत बसायचं, एवढा फरक त्या एका क्रियापदात होता. पत्रक छपाईला जायच्या आदल्या दिवशी ते बदललं.

ओळखायचं कसं? मी एक साधा प्रश्न विचारते: ज्या गोष्टीला 'चेक' करायचं आहे ती नको असलेली आहे का? महागाई, डेंग्यू, भ्रष्टाचार, जमिनीची धूप, राग, अश्रू, घुसखोरी अशा नकोशा गोष्टी असतील तर आळा, लगाम, आवर, अटकाव, शह यांतलं काहीतरी बसतं. हिशेब, तिकीट, रक्तदाब, स्पेलिंग, टायरची हवा अशा गोष्टी असतील तर तपासणं, पाहणं, ताडणं. दहापैकी नऊ वेळा एवढ्यावर निभावतं. दहावं वाक्य ताप 'चेक' करण्याचं असतं. औषधाची जाहिरात असेल तर उतरवणं, थर्मामीटरची असेल तर मोजणं. तिथे पुढचं-मागचं वाचल्याशिवाय सुटका नाही.

'चेक डॅम'चंही तेच. एका पाणलोट अहवालाच्या मसुद्यात मला 'तपासणी धरण' भेटलं होतं. लिहिणाऱ्याने कदाचित पाण्याची प्रत तपासणारं काहीतरी डोळ्यांसमोर आणलं असेल. ओढ्याच्या पात्रात आडवी घातलेली ती बुटकी भिंत असते. पावसाळ्यात धावणारं पाणी तिथे अडखळतं, त्याचा वेग मोडतो, गाळ मागे बसतो, पाणी जमिनीत मुरतं आणि आजूबाजूच्या विहिरींना उतरतं. पाण्याला शह, बस्स. त्याला 'बंधारा' हा आपला शब्द असताना 'धरण'सुद्धा म्हणायची गरज नाही.

कागदावरच्या लोकांपेक्षा हातात पाना घेतलेल्या लोकांना हा अर्थ जास्त चांगला कळतो. माझी स्कूटर जाऊन मोटरसायकल आली तेव्हा गॅरेजमधला मुलगा चेन ताणून देत होता. मागच्या चाकाचा मोठा नट ढिला केला, मग चेन ॲडजस्टरच्या बोल्टवरचा एक पातळ नट मागे घेतला, बोल्ट थोडा थोडा फिरवत दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आणल्या आणि पुन्हा तो पातळ नट आवळला. मी विचारलं, हा कशाला? म्हणाला, "हा चेकनट, ताई. हा नाय बसवला तर खालचा हळूहळू फिरत जातो. हा त्याला हलू देत नाय." त्याने व्युत्पत्तिकोश उघडला नव्हता, पण कोशातला अर्थ नेमका सांगितला. चेकनट काही तपासत नाही. तो दुसऱ्याला रोखून धरतो.

शेतातल्या विहिरीवर सक्शन पाइपाच्या टोकाला फूटव्हॉल्व्ह असतो, तोही त्याच कुळातला. इंजिनिअर ज्याला 'चेक व्हॉल्व्ह' म्हणतात त्याचा हा जाळीवाला भाऊ: पाणी वर जाऊ देतो, मागे येऊ देत नाही. तो गळायला लागला की मोटर दर वेळी पाणी भरून चालू करावी लागते. प्लंबर लोक टाकीच्या लाइनवरच्या अशाच व्हॉल्व्हला 'एनआरव्ही' (नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह) म्हणतात. यंत्रांच्या माहितीपत्रकात 'तपासणी झडप' दिसली तर ती खोडून 'परतरोधक झडप' लिहा, किंवा सरळ एनआरव्ही लिहा. दुकानात तेच मागतात.

राज्यशास्त्राच्या एका विद्यार्थ्याच्या प्रबंधात अमेरिकन राज्यघटनेचं मोठं वैशिष्ट्य म्हणून 'धनादेश आणि शिल्लक' दिलेलं होतं. मूळ इंग्रजी 'चेक्स अँड बॅलन्सेस'. संगणकाकडून भाषांतर करून घेतलं होतं, वाचलं नव्हतं. काँग्रेस, राष्ट्राध्यक्ष आणि न्यायालय यांनी एकमेकांना लगाम घालून तोल राखायचा, ही ती कल्पना. नियंत्रण आणि समतोल. त्या पोराला मी म्हटलं, अरे, घटनेत पासबुक कुठून आलं?

बँकेच्या चेकचं स्पेलिंग आणि त्याची उलटी गोष्ट

शाळेत आपल्याला शिकवतात की बँकेचा तो सी-एच-ई-क्यू-यू-ई आणि तपासण्याचा तो सी-एच-ई-सी-के. भारतात लिहिताना हे बरोबर आहे आणि पाळावं. चूक पुढे होते. अमेरिकेतल्या भाच्याच्या पत्रात बँकेचा चेकही सी-के ने संपलेला दिसला की आपण म्हणतो, अमेरिकनांनी इंग्रजीची वाट लावली. खरं तर जुनं स्पेलिंग त्यांचंच आहे. बदल इंग्रजांनी केला.

त्यासाठी लंडनच्या एका टेबलाकडे जावं लागतं. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा वसूल गोळा करणारे अधिकारी, शेरिफ, हिशेब द्यायला येत. राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७० च्या दशकात त्या कचेरीचं वर्णन लिहून ठेवलं आहे. सुमारे दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद टेबल, त्यावर काळं कापड, कापडावर पट्ट्यांनी आखलेले रकाने. पेन्सचा रकाना, शिलिंगांचा, पौंडांचा, मग विसांचा, शेकड्यांचा, हजारांचा. शून्य आणि दशमान अंक तिथे अजून रुळले नव्हते. रोमन आकड्यांत बेरीज करून बघा म्हणजे त्यांची अडचण कळेल. म्हणून रकान्यांत सोंगट्या सरकवत हिशेब चाले. टेबलाच्या एका बाजूला शेरिफ, समोर खजिनदार, मधे सरकणाऱ्या सोंगट्या. फिट्झनीलने स्वतःच या सामन्याची तुलना बुद्धिबळाशी केली आहे. त्या पटामुळे कचेरीला नाव पडलं बुद्धिबळाच्या पटाचं, लॅटिनमध्ये 'स्काकारियम', फ्रेंचमध्ये 'एशेकिए', इंग्रजीत 'एक्सचेकर'. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही 'चॅन्सलर ऑफ द एक्सचेकर' म्हणवतो. त्यातला 'एक्स'सुद्धा चुकून शिरलेला आहे. कोणाला तरी वाटलं हा लॅटिनमधला 'एक्स' उपसर्ग असणार, आणि तो तसाच राहिला.

त्या कचेरीत पावती म्हणून लाकडाची काठी वापरत. काठीवर रकमेइतक्या खाचा पाडायच्या, मग ती उभी चिरायची. एक भाग देणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे. दोन्ही जोडले की खाचा जुळल्या पाहिजेत. तिला 'टॅली' म्हणत. (आपल्याकडच्या निम्म्या हिशेबनिसांच्या संगणकावर हे नाव आहे, पण काठी बघितलेला कोणी भेटणार नाही.) पुढे या काठ्या निरुपयोगी झाल्या, आणि १६ ऑक्टोबर १८३४ ला त्यांचा साठा लंडनच्या पार्लमेंटच्या तळघरातल्या भट्ट्यांत जाळायला घेतला. भट्ट्या इतक्या तापल्या की पार्लमेंटची इमारतच जळाली. जुने हिशेब जाळताना जरा बेताने जाळावेत.

आता बँकेचा चेक. इंग्लंडमध्ये पेढीवाल्याला 'अमक्याला इतके द्या' अशी चिठ्ठी लिहायची पद्धत सतराव्या शतकातली. १६५९ साली लंडनच्या मॉरिस आणि क्लेटन या पेढीवर लिहिलेली ४०० पौंडांची अशी चिठ्ठी अजून जपलेली आहे. पण तेव्हा तिला कोणी 'चेक' म्हणत नव्हतं. अठराव्या शतकात 'चेक' म्हणत ते चिठ्ठी फाडून दिल्यावर आपल्याकडे उरणाऱ्या भागाला, म्हणजे स्थळप्रतीला. का? कारण ती बनावटगिरीला शह होती. कोणी रक्कम बदलून आणली तर स्थळप्रतीशी ताडून चोरी पकडता येई. मग स्थळप्रत असलेल्या चिठ्ठीलाच 'चेक' म्हणू लागले आणि नाव फाडलेल्या भागाबरोबर निघून गेलं.

स्पेलिंग तेव्हा सी-के चंच. १८२८ च्या सुमारास जेम्स विल्यम गिल्बार्ट या लंडनच्या बँकरने आपल्या बँकिंगवरच्या पुस्तकात सांगितलं की बहुतेक जण सी-के लिहितात, मी क्यू-यू-ई लिहितो, कारण त्यात घोटाळा होत नाही आणि ते एक्सचेकरशी जुळतं. ब्रिटिशांनी ते उचललं आणि आपल्याकडे आणलं. अमेरिकेत जुनंच चालू राहिलं. म्हणून तुमच्या भाच्याला ओरडू नका.

आणि आपण चेकबुकातला नेमका कुठला भाग कोरा ठेवतो? स्थळप्रत! ज्या तुकड्यावरून त्या कागदाला नाव मिळालं तोच. मी पतसंस्थेत शेकडो चेकबुकं पाहिली असतील, दहापैकी आठांत तो भाग पांढराफटक. सहा महिन्यांनी पासबुकात एक नंबर आणि रक्कम दिसते, 'कोणाला दिला होता हो?' म्हणून घरात भांडण. चार अक्षरं लिहायला आळस करू नका.

याच ओघात व्यवहारातल्या काही अडचणी. अंकात आणि अक्षरात रक्कम वेगळी पडली तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१ (चेक-हुंड्यांचा कायदा) याच्या कलम १८ प्रमाणे अक्षरी रक्कम धरायची असते. प्रत्यक्षात बँक बहुतेक चेक परतच पाठवते, तेव्हा लिहितानाच सांभाळा. चेक तारखेपासून तीन महिने चालतो. सहा महिन्यांची सवय सोडा, १ एप्रिल २०१२ पासून ती मुदत गेली. चेक मराठीत लिहिला तर चालत नाही ही समजूतही काढून टाका. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे हिंदी, इंग्रजी किंवा त्या भागाच्या भाषेत लिहिता येतो. खाडाखोड मात्र नको. क्लिअरिंग आता चेकच्या फोटोवरून होतं, रक्कम किंवा नाव खोडून शेजारी सही करायची जुनी सोय राहिलेली नाही. आणि पुरेशा पैशांअभावी चेक वटला नाही तर नुसतं 'बाउन्स झाला' म्हणून हसू नका. १ एप्रिल १९८९ पासून त्याच कायद्यातलं कलम १३८ लागू आहे, त्याखाली तो गुन्हा ठरतो, आणि कोर्टाच्या आवारात '१३८ ची केस' म्हटलं की चहावाल्यालाही कळतं.

'चेक' अरबीतून आला हे पटकन पटणं

एक संदेश वर्षातून दोनदा तरी माझ्या मोबाइलवर येतो: बँकेचा 'चेक' हा अरबी 'सक्क'वरून आला. 'सक्क' ही खरी गोष्ट आहे. मध्ययुगीन अरब व्यापारी अशा लेखी आदेशांवर दूरच्या गावी पैसे देत-घेत. आपल्या हुंडीची चुलतबहीणच म्हणा. म्हणून कानाला ते पटतं. पण इंग्रजी शब्द आधी स्थळप्रतीला लागला, मग कागदाला. त्याचं स्पेलिंग आधी सी-के होतं. आणि त्या आधी कित्येक शतकं तो 'अडवणं' आणि 'आवर' या अर्थांनी इंग्रजीत वावरत होता. हा क्रम 'सक्क'ने जुळत नाही. इंग्रजी कोशकार म्हणूनच बँकेच्या चेकला बुद्धिबळाच्या शहाकडे नेतात. वस्तू सारखी असली की शब्दही तिथलाच असतो असं नाही. पूर्वेकडच्या शब्दाला श्रेय हवंच असेल तर ते फारसी 'शाह'मधून आधीच मिळालेलं आहे.

अमेरिकेतला चेक

माझे काका-काकू न्यू जर्सीला मुलाकडे गेले होते. तिथल्या तिथे विमानाने फिरायला निघाले, तर काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, बॅग 'चेक' करायची का? काकांनी तत्परतेने कुलूप काढलं, चेन उघडली आणि मेतकुटाची पिशवी वर धरून सांगितलं, "घरून चेक करूनच आणलीय!" बाईंना एवढंच हवं होतं की बॅग त्यांच्या ताब्यात द्यायची की हातात न्यायची.

अमेरिकन इंग्रजीत सामान 'चेक' करणं म्हणजे टोकन घेऊन सोपवणं. एकोणिसाव्या शतकात तिकडच्या रेल्वेत एकाच क्रमांकाचे दोन पितळी बिल्ले असत, एक बॅगेला बांधायचा, एक प्रवाशाच्या हातात. बिल्ला जुळला तरच बॅग मिळणार. पुन्हा तीच गोष्ट, लबाडीला आवर घालणारा जोडतुकडा. नाट्यगृहात कोट ठेवून टोकन घेतात ते टोकनही 'चेक'. तेव्हा विमानकंपनीच्या सूचनांत 'तपासलेले सामान' लिहू नका. 'जमा केलेले सामान' लिहा.

बेसबॉलचा सामना पावसाने बुडाला तर तिकिटाचा तुकडा दाखवून पुढचा सामना बघता येई, तो 'रेन चेक'. म्हणून कोणी अमेरिकन सहकारी जेवायला बोलावल्यावर 'रेन चेक घेतो' म्हणाला तर तो हवामान बघत नाहीये. आत्ता नको, पुन्हा केव्हातरी, असं म्हणतोय. हॉटेलात 'चेक' मागितला तर बिल आणा. आणि फॉर्मवर चौकोन 'चेक' करा असं असेल तर तिथे बरोबरची खूण करायची असते. 'लागू असलेले सर्व पर्याय तपासा' हे वाक्य मी इतक्या मराठी ऑनलाइन फॉर्मांत बघितलंय की आता राग येत नाही, थकवा येतो. 'लागू असेल तिथे खूण करा.' झालं.

चौकड्यांचा शर्ट, चेक लोक आणि चेकाळलेली पोरं

कापडावरचे चेक्स बुद्धिबळाच्या पटावरून आले, एवढं सरळ आहे. आपल्याकडे 'चौकडीचा शर्ट' म्हणत, अजूनही म्हणायला हरकत नाही. एसटीच्या पायरीवर पाय घसरू नये म्हणून उठावाच्या नक्षीचा पत्रा असतो, त्याला फॅब्रिकेशनवाले 'चेकर प्लेट' म्हणतात. ती तपासनिसाची पाटी नव्हे. एखाद्या नेत्याची कारकीर्द इंग्रजीत 'चेकर्ड' असेल तर ती चौकोनी नसते, काळ्या-पांढऱ्या घरांसारखी कधी उजळ कधी काळी, चढउतारांची असते.

प्राग राजधानी असलेल्या देशातले चेक लोक या घराण्यातले नाहीत. ते त्यांचं स्वतःचं नाव, इंग्रजीने त्याचं स्पेलिंग पोलिशमधून घेतलं. तसंच सुट्टी लागल्यावर पोरं चेकाळतात त्यातही इंग्रजी चेक शोधू नका. तो आपला घरचा शब्द आहे, आणि पोरांना तर कोणाचाच शह बसत नाही.

मराठीत सगळंच 'चेक' करत सुटणं

ही चूक शब्दकोशात सापडणार नाही, पण मला सर्वांत जास्त हीच टोचते. आमटीतलं मीठ 'चेक' करतात, खिसा 'चेक' करतात, आंबा 'चेक' करतात, भात झाला का 'चेक' करतात. अहो, मीठ चाखून बघतात. खिसा चाचपतात. आंबा देठापाशी हुंगतात. भाताचं शीत बोटांत दाबून बघतात, आणि त्यावरून म्हण सुद्धा केलीय. मडकं वाजवून घेतात, सोनं कसाला लावतात, दोन याद्या ताडतात, पोराचा अभ्यास बघतात. प्रत्येक वेळी कुठलं तरी बोट, जीभ, नाक, कान कामाला लागलेलं असतं, आणि 'चेक'मध्ये ते सगळं सपाट होतं. ऑफिसात 'मेल चेक करतो' म्हणा, माझी तक्रार नाही. स्वयंपाकघरात तरी हा शब्द उंबऱ्याबाहेर ठेवा.

एक 'चेक' मात्र मला आजवर मराठीत आणता आलेला नाही. दुकानात एखादी वस्तू मागितली की गल्ल्यावरचा माणूस मोबाइलमधून डोकं न काढता म्हणतो, "चेक करून सांगतो." तो तपासतही नाही आणि अडवतही नाही. आपण पायरी उतरलो की ते प्रकरण संपतं.